एका खुर्चीवर दोघं

डायलिसिस केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला तेव्हा ती ऑफिसात नुकतीच जेवणाचा डबा उघडत होती.

"मॅडम, तीन नंबरची खुर्ची तुमच्या अ‍ॅपने दोघांना दिलीये. दोघंही एक वाजताचे. कुणाला परत पाठवू, तुम्हीच येऊन सांगा."

केंद्र दोन गल्ल्या पलीकडे होतं. डबा तसाच झाकून ती निघाली. काय झालं असणार, हे तिला चालता चालताच उमगलं. सहा वर्षांपूर्वी खुर्च्यांच्या वेळा नोंदवायचं हे अ‍ॅप तिनेच बांधलं, तेव्हा सगळ्या नोंदी एका डेटाबेसमध्ये मावायच्या. केंद्रं चाळीस झाली, अ‍ॅप धापा टाकू लागलं, आणि कंपनीच्या साहेबांच्या घाईपायी दोन डेटाबेस आले. नोंद कुठेही व्हायची, मग एक दुसऱ्याला कळवायचा. काल त्यांच्यातला संपर्क चार मिनिटं तुटला होता. तेवढ्यात दोन्ही डेटाबेसनी तीच खुर्ची रिकामी समजून देऊन टाकली. हे कधीतरी होणार, असं तिने बजावलं होतं. मग वाद घालून थकली आणि नाद सोडला.

केंद्रात एक ट्रकचालक आणि एक निवृत्त शिक्षिका उभ्याउभ्याच एकमेकांना आग्रह करत होते.

"तुमचं वय बघा, बाई. तुम्ही बसा."

"वय माझं मला ठाऊक आहे. तुझे पाय बघ केवढे सुजलेत. बस मुकाट्याने."

तो बसला. पुढची पाळी पाचला होती. ती बाईंशेजारी बाकावर टेकली.

"चूक आमची आहे, बाई."

"ते कळलं. कशी झाली, ते सोपं करून सांग."

तिने सांगितलं. बाईंना धाप लागत होती, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग खुर्च्यांच्या नोंदी एकाच जागी ठेव की."

"अ‍ॅप हळू चालेल. दोन-तीन सेकंद थांबावं लागेल."

"अगं, आम्ही इथे चार-चार तास बसतो!"

ती पाचपर्यंत तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "लोक कंटाळतील."

"कंटाळू देत. नाहीतर पुढच्या वेळी त्या बाकावर तुम्ही जाऊन बसा."

साहेबांनी होकार दिला. आठ दिवस खपून तिने खुर्च्यांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये आणल्या. बाकी सगळं दोन्हीकडे राहू दिलं. त्यानंतर एकही खुर्ची दोघांना गेली नाही. अ‍ॅप रेंगाळतं, अशा तक्रारी मात्र रोज येतात. ती डोळे चोळत एकेकाला उत्तर लिहिते.