वारुळात ओतलेलं ऑईल

गाडीचं ऑईल घरी बदलणं काही अवघड नाही. खालचा नट सैल करायचा, जळकं ऑईल डब्यात गळू द्यायचं, नट आवळायचा आणि वरून नवं ऑईल भरायचं. अवघड असतं ते पुढचं. डबाभर काळं, चिकट ऑईल समोर असतं, हात कोपरापर्यंत बरबटलेले असतात आणि आतून जेवायची हाक आलेली असते. आता याचं करायचं काय? हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडला असेल. तुम्ही तो कसा सोडवलात हे मी विचारत नाही. आमच्या वस्तीत आतिलानो रिकेल्मेने तो कसा सोडवला, तेवढं सांगतो.

आमची वस्ती इता गावाच्या पुढे, हमरस्त्याच्या उतारावर आहे. आतिलानो इथून राजधानीच्या, असुन्सिओनच्या बाजारात कलिंगडं आणि कंद वाहून नेतो. त्याची पिकअप जुनी, पण तिला कधी गॅरेजचा उंबरा दिसला नाही. ब्रेक लायनर, फॅन बेल्ट, प्लग, सगळं तो घरच्या आंब्याखाली जमिनीवर पोतं टाकून करायचा. "गॅरेजवाल्याच्या हाती गाडी देणं म्हणजे कोल्ह्याला कोंबड्या राखायला ठेवणं," असं तो म्हणायचा. हा टोमणा हमरस्त्यावरच्या देर्लिसच्या गॅरेजला असायचा, आणि तो देर्लिसपर्यंत पोचेल अशा बेताने मारलेला असायचा.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की शेजारपाजारचे लोक आपापल्या गाड्या घेऊन त्याच्या आवारात यायचे. तो कुणाकडून काही घेत नसे. पाना हातात द्यायचा आणि म्हणायचा, "मी नाही करणार. तू कर, मी बघतो." अशाने निम्मी वस्ती गाडी दुरुस्त करायला शिकली. माणूस खरोखर गुणी होता, हे आधीच सांगून ठेवतो.

आवाराच्या खालच्या टोकाला, कुंपणाला लागून, पानं कापणाऱ्या मुंग्यांचं एक भलंमोठं वारूळ होतं. या मुंग्या काय चीज आहेत ते आमच्याकडे ज्याने लिंबाचं झाड लावलं त्याला विचारा. सकाळी बघावं तर झाडाचा खराटा झालेला! आतिलानोने एका रविवारी डबाभर जळकं ऑईल त्या वारुळाच्या भोकात ओतलं. "घ्या, मुंग्यांची न्याहारी!" सगळे पोट धरून हसले. एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान कुणाला होत नाही? तेव्हापासून सगळेच तिथे ओतू लागले. वर्षानुवर्षं ओतत राहिले. मुंग्या कधीच दुसरीकडे गेल्या होत्या, पण भोक होतं आणि ते कितीही ओतलं तरी भरत नव्हतं. का भरत नाही, हे काही कुणी विचारलं नाही.

कुंपणापलीकडे, उताराच्या अंगाला, ब्लासिदाबाईंचं घर. नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या. हमरस्त्याच्या कडेला झाडाखाली त्यांचा ठेला होता. पुदिना, गवती चहा आणि रानातला पाला उखळात कुटायचा, घरच्या विहिरीच्या गार पाण्यात घालायचा आणि लोकांचे थर्मास भरून द्यायचे. आमच्याकडे हे गार पेय, तेरेरे, प्यायल्याशिवाय दिवस उजाडत नाही आणि मावळतही नाही. रस्त्यावर असे ठेले पुष्कळ आहेत. पण लांब पल्ल्याचे ड्रायव्हर बाकीचे सोडून ब्लासिदाबाईंकडे थांबायचे. कारण पाला कुठेही मिळतो, पाणी मात्र त्यांचंच.

मग एके दिवशी एका ट्रकवाल्याने पहिलाच घोट रस्त्यावर थुंकला.

"मावशी, कशात भरलंत हे पाणी? रॉकेलच्या कॅनमध्ये?"

तेवढं पुरलं. वाईट बोलायला पाय असतात. म्हातारी आता भांडी घासत नाही, घाणेरड्या कॅनमधून पाणी देते, असं बोललं जाऊ लागलं. थांबणाऱ्या गाड्या थांबेनाशा झाल्या. ब्लासिदाबाईंनी डबे घासले, विहिरीत चुना टाकला, पाद्रीबाबांना आणून विहिरीवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. वास गेला नाही. बुएनोस आयरेसला लोकांची घरकामं करणारी त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, घर विक आणि माझ्याकडे ये." ब्लासिदाबाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

एका सकाळी त्या कुंपणाशी आल्या आणि त्यांनी पाण्याचा जग पुढे केला.

"आतिलानो, तुझं नाक इंजिनाच्या वासाला सरावलेलं आहे. सांग बघू, कसला वास हा?"

आतिलानोने हुंगलं. मग त्यांच्या विहिरीतून पोहरा काढून पाणी उन्हात धरलं. त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरला होता. तो वास त्याने ओळखला आणि त्याचं डोकंच तापलं.

"ऑईल आहे मावशी! गाडीचं ऑईल! हा त्या देर्लिसचाच उद्योग. रोज दहा गाड्यांचं ऑईल काढतो, कुठे सोडत असेल? बघतोच त्याच्याकडे. तुम्ही घर विकायचं नाव काढू नका."

खरं सांगतो, त्याच्या मनात तेव्हा कपट नव्हतं. त्याला खरंच तसं वाटलं. आपला हात आपल्याला कधी मळका दिसतो का?

त्याने रविवारच्या मंडळींतल्या सिल्विनोला आणि आणखी दोघा-तिघांना बरोबर घेतलं आणि मंडळी गॅरेजवर धडकली. देर्लिस वयाने लहान. एका टॅक्सीखालून तो सरपटत बाहेर आला.

"या काका. शेवटी गाडी बिघडली वाटतं?"

"थट्टा नको. ब्लासिदामावशीच्या विहिरीत ऑईल उतरलंय. एका विधवा बाईच्या पोटावर पाय देताना तुला लाज वाटली नाही?"

देर्लिसचं हसू मावळलं. त्याने हात पुसले आणि सगळ्यांना मागे नेलं. तिथे सिमेंटच्या ओट्यावर झाकणाची पिंपं ओळीने उभी होती.

"थेंबन् थेंब यात जातो. मग कंपनीचा ट्रक येऊन घेऊन जातो, ते गाळून पुन्हा वापरतात. आणि काका, माझं गॅरेज उताराच्या खाली आहे. मावशींची विहीर माझ्या वर. पाणी काय चढ चढून जाईल?"

मग देर्लिसने सावकाश विचारलं, "वर कोण राहतं? काका, तुमच्याकडे एवढ्या गाड्यांचं ऑईल निघतं. तुमचं कुठे जातं?"

मुंग्यांची न्याहारी! आतिलानोला आठवलं, आणि बरोबरच्या प्रत्येकालाही.

परतताना रस्त्यात सिल्विनो म्हणाला, "हे बघा, देर्लिस काही बोलणार नाही. त्याला आपली गिऱ्हाइकी हवी आहे. आपण सगळ्यांनीच ओतलं, मग एकट्या कुणाचं नाव कशाला घ्यायचं? मावशीला मुलीकडे जायचंच आहे. वर्गणी काढू, पाण्याचे बुधले घेऊन देऊ. झालं!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी मिळून केलेलं पाप कुणाचंच नसतं, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. आतिलानोनेही मान डोलावली. त्याला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवून काय उपयोग?

पण घरी येऊन त्याने फावडं उचललं आणि वारूळ खणायला घेतलं. ऑईल वरच्या वर जिरून गेलं आहे, खाली गेलेलं नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. कमरेइतकं खणलं तरी माती काळीच होती. आत मुंग्यांचे बोगदे होते, मनगट जाईल एवढे रुंद, आतून ऑईलने चकचकीत झालेले. ते खाली खाली, ब्लासिदाबाईंच्या विहिरीच्या अंगाला गेले होते. मुंग्यांनी पाण्यापर्यंतचा रस्ता करून ठेवला होता आणि आपण त्यातून ऑईल सोडत राहिलो, हे त्याच्या लक्षात आलं.

त्याची बायको निमिया खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली. तिने मातीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"देर्लिसवर ओरडायला गेला होतास ना? चोराच्या उलट्या बोंबा."

"मला माहीत नव्हतं गं."

"ते मला पटलं. पण आता माहीत झालंय. आता काय करणारेस?"

"सिल्विनो म्हणतो, बुधले घेऊन देऊ."

"आणि ती खाली मान घालून गाव सोडेल. लोक म्हणतील, घाणेरडी म्हातारी गेली. चालेल तुला?" निमियाचा आवाज चढला. "अरे, गाडी घरी दुरुस्त करतोस, चारचौघांना शिकवतोस, मला त्याचा किती अभिमान आहे! पण पोरांना तू अर्धंच शिकवलंस. नट कसा काढायचा ते शिकवलंस, घाण कुठे टाकायची ते नाही. आपल्या नजरेआड गेलं म्हणजे संपलं असं वाटलं तुला. कुंपण वर आहे, आतिलानो. खाली कुठे आहे कुंपण?"

"लोक काय म्हणतील निमिया? ज्याला सगळे उस्ताद म्हणतात..."

"तुला उस्ताद म्हणणाऱ्यांचं तू ऐकतोस. तिला घाणेरडी म्हणणाऱ्यांचं ती एकटी ऐकते."

तो खड्ड्यातून वर आला आणि मातीने भरलेल्या कपड्यांनिशीच ब्लासिदाबाईंच्या ओसरीवर गेला.

त्या एका शेजारणीला आपल्या कोंबड्या देऊन टाकत होत्या. म्हणजे जायचं ठरलं होतं. शेजारीण जायची वाट न बघता आतिलानो बोलला, कारण थांबलो तर जमणार नाही हे त्याला माहीत होतं.

"मावशी, देर्लिस नाही. मी. ते ऑईल मी ओतलं, वारुळात. मी सुरू केलं आणि बाकीच्यांना दाखवलं."

ब्लासिदाबाईंनी आपले हात पुढे केले. तळवे भेगाळून लाल झाले होते.

"हे बघ. मी डबे घासत होते. रोज. राखेने, वाळूने, लिंबाने. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हाताऱ्या माणसाला आपली घाण कळत नाही म्हणतात, तसं माझं झालं असेल. पाद्रीबाबांना विचारलं, देव माझ्यावर कशासाठी रागावला?" त्यांचा आवाज फाटला. "अरे, तू कुंपणापलीकडे होतास! एवढ्या जवळ!"

आतिलानो रडला. बाईमाणसासमोर, शेजारणीसमोर रडला. मग म्हणाला, "माझी विहीर वरच्या अंगाला आहे, पाणी स्वच्छ आहे. मी कुंपण तोडतो. तिच्यावर पहिला हक्क तुमचा. ती काळी माती सगळी काढतो, देर्लिसच्या पिंपात टाकतो. तुम्ही जाऊ नका."

"पाणी घेईन," ब्लासिदाबाई म्हणाल्या. "पण पाण्याने माझं भागत नाही. तू माझं नाव घालवलंस. ते आण."

"कसं आणू?"

"जिथे गेलं तिथूनच. उद्या ठेल्यावर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आतिलानो रिकेल्मे हमरस्त्याच्या कडेला, झाडाखाली उभा राहिला. गाड्या जात होत्या. थांबत नव्हत्या. त्याने हात केला तेव्हा एक ट्रक थांबला, मदत हवी असेल असं वाटून. ज्याने पहिला घोट थुंकला होता, तोच ड्रायव्हर निघाला.

"काय झालं? गाडी बंद पडली?"

"नाही." आतिलानोने ठेल्याकडे बोट केलं. "मावशींचं पाणी खराब झालं होतं ते माझ्यामुळे. मी शेजारी राहतो. गाडीचं जळकं ऑईल मी जमिनीत ओतत होतो, ते यांच्या विहिरीत उतरलं. यांचे डबे स्वच्छ होते. आधीपासून. आजचं पाणी माझ्या विहिरीचं आहे."

ड्रायव्हरने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली, ती इथे लिहीत नाही. मग तो ब्लासिदाबाईंकडे वळला आणि त्याने टोपी काढली.

"मावशी, मी चारचौघांत बोललो होतो. चुकलो. भरा."

आतिलानो त्या आठवड्यात रोज तिथे उभा राहिला आणि प्रत्येकाला तेच सांगत राहिला. कुणी हसलं, कुणी थुंकलं, एकाने पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी सिल्विनो मान खाली घालून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग बाकीचेही आले. ब्लासिदाबाईंनी मुलीला फोन केला, की सणाला तूच ये.

आमच्या वस्तीत अजूनही रविवारी गाड्या दुरुस्त होतात. आणि व्हाव्यातच! आपलं काम आपल्या हाताने करण्यासारखी शोभा नाही. फक्त आता जळकं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरून देर्लिसकडे जातं, आणि तो ते घेताना आतिलानोकाकांना एखादा टोमणा मारतो, जो ते निमूट ऐकून घेतात. मंडळी, काम घरी केलं तर त्याची घाणही आपल्याच घरची असते. ती कुठे जाते हे ज्याला सांगता येत नाही, त्याचं काम अजून पुरं झालेलं नाही.

ब्लासिदाबाईंच्या विहिरीवर आता लाकडी झाकण आहे. काळी माती काढली, कितीदा उपसा केला, पण तवंग येतोच. जाणकार म्हणतात, आपल्या हयातीत ते पाणी पिण्याजोगं होणार नाही. आतिलानो बदलला, आम्हीही बदललो. चूक कबूल केली की माणूस सुधारतो. पाणी सुधारत नाही.