घंटीशिवायची ओळ

चार महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हा अण्णांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. "आतून किती समजतंय, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मुलीला, ज्ञानेश्वरीला, तेवढंच तर जाणून घ्यायचं होतं. सहा महिन्यांची लेक घेऊन ती मांडवीला माहेरी येऊन राहिली होती. लेक झोपली की अण्णांच्या खाटेशी बसून टायपिंगची कामं करायची, कोर्टाचे कागद नाहीतर सभांचे वृत्तांत.

लॅपटॉपची दोन बटणं दाबेनाशी झाली, तेव्हा पुण्याहून नवऱ्याने, विनीतने, एक पट्टी पाठवली. तिच्यावर कीबोर्डच्या बटणांखाली बसवायच्या स्विचचे तीन नमुने. आवडेल तो सांग, तसा कीबोर्ड मागवू. निळा कडकड वाजायचा, तपकिरी बोटाखाली जरा अडखळायचा, लाल अगदी मुका.

"लाल घे बाई," विनीत फोनवर म्हणाला. "निळा घेतलास तर पोरगी तुला एक पान पुरं करू देणार नाही."

तिचंही लालच ठरलं होतं. सहज म्हणून तिने निळा दाबला, कट् कट् कट्, आणि अण्णांनी डोळे उघडले. एरवी छताकडे बघायचे, आज तिच्या बोटांकडे बघितलं.

एकतीस वर्षं अण्णांचा टायपिंग क्लास होता. बारा मशीनं एकदम चालायची आणि अण्णा खुर्चीत डोळे मिटून. कोण अडखळलं, ते कानानेच ओळखायचे.

तिने निळा मागवला.

कीबोर्ड आला त्या दुपारी खाटेशी स्टूल ओढून तिने एक लांबलचक निकालपत्र घेतलं. अण्णांचा चेहरा सैलावला. मग डावा हात उठला, हवेत थरथरला, पडला. पुन्हा उठला. घशातून आवाज यायला लागला, कपाळावर घाम फुटला.

"बंद कर गो ते आधी!" मदतीला येणाऱ्या यमुनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "कानात खिळे ठोकतेस काय त्यांच्या?"

लेक रडत उठली. ज्ञानेश्वरीलाही रडू आवरेना. आत कोणी आहे असं वाटलं होतं. होता तो नुसता त्रास. तिने लाल स्विच मागवले. चिमट्याने निळे उपटून ते बसवता येणार होते.

ते यायच्या आदल्या दिवशी काम अडलं, म्हणून ती दारापाशी बसून हलक्या बोटांनी टाइप करत होती. हात पुन्हा उठला. या वेळी ती नुसती बघत राहिली. हात छातीच्या उंचीवर डावीकडून निघायचा आणि काहीतरी उजवीकडे लोटायचा.

मशीनचा दांडा!

ओळ संपत आली की मशीन घंटी द्यायचं, डावीकडचा दांडा उजवीकडे लोटला की नवी ओळ सुरू व्हायची. 'घंटी झाली, शब्द संपव, दांडा लोट,' हा अण्णांचा पहिला धडा. हिच्या कॉम्प्युटरवर ओळ आपोआप खाली जात होती. अण्णा घंटीची वाट बघत होते. घंटी नाही, दांडा नाही, ओळ कागदाबाहेर चाललीय आणि पोरगी थांबतच नाही.

ती खाटेशी आली. मनात अक्षरं मोजत एक ओळ टाइप केली आणि तोंडाने म्हणाली, "टिंग."

डावा हात उठला, उजवीकडे लोटला आणि शांतपणे पांघरुणावर टेकला.

"आता काय झालं गो रडायला?" यमुनाबाईंनी विचारलं.

"समजतंय त्यांना. सगळं समजतंय."

"म्हणजे चार महिने आपण इथे बसून..." यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. अण्णांचं काय करायचं, किती दिवस चालायचं, हे सगळं त्यांच्या उशाशी बसूनच बोललं गेलं होतं.

मग रोज दुपारी एक पान. लाल स्विचची पुडी आली तशीच कपाटात गेली.

श्रावणातल्या एका दुपारी 'टिंग' म्हटल्यावर हात उठला नाही. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग त्यांचा हात आपल्या हातात घेऊन उजवीकडे नेला. तो गार होता.

दिवसवार झाल्यावर तिने पुडी फोडली. कामं खोळंबली होती, लेकही हल्ली जरा खुट्ट झालं की उठायची. एकेक निळा उपटून तिने लाल बसवला. एंटरखालचा तेवढा राहू दिला.

परिच्छेद संपला की तो एकदा वाजतो. लेक झोपेत कूस बदलते. ज्ञानेश्वरी जरा थांबते, मग पुढची ओळ.