जाडी तीच, थर बारा

ताईची पट्टी मोडली ती शिडीच्या पायथ्याशी, वर असताना नव्हे, एवढं नशीबच म्हणायचं. आजारपणात तिच्या उजव्या पावलातलं बळ गेलं होतं. पोटरीमागून तळव्याखाली जाणारी कार्बन फायबरची पट्टी ते लोंबतं पाऊल उचलून धरायची, म्हणून तर बाई शिड्या चढून पाट्या नि भिंती रंगवत होती. आता तशी पट्टी कुणी बनवत नव्हतं. आणि शाळेची भिंत अर्धी रंगवून पडलेली. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आठवडाभर थांबते. मग दुसरा रंगारी बघते."

"मी करते," धाकटी बहीण म्हणाली. ती सायकली दुरुस्त करायची, कार्बनच्या मोडक्या चौकटी सांधायची.

"मी काय सायकल आहे?"

"घंटी तेवढी नाही. कुरकुर तीच आहे."

धाकटीने ताईच्याच पायावरून प्लास्टरचा साचा काढला. जुनी पट्टी मोजली, तीन मिलिमीटर भरली. कार्बनच्या कापडाला ब्रशने रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारा चिकट रस, पाजून हाताने दाबलं की तिच्या आठ थरांची जाडी तेवढीच व्हायची. मग हिशोब तो काय करायचा! आठ थर दिले. पट्टी निघाली ती अगदी देखणी, जाडीत केसाचाही फरक नाही.

ताईने भिंत धरून पाय टेकला, भार टाकला आणि कट्‌ असा आवाज झाला. तिने मोडकी पट्टी सोडली आणि रंगाचे ब्रश धुवून कागदात गुंडाळायला घेतले. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं. ते बघून धाकटीला रडूच कोसळलं.

पण रडून पट्टी होते थोडीच? जाडी तीच, कापड तेच, मग घोडं पेंड खातंय कुठे? तिने दोन्ही पट्ट्यांचा एकेक तुकडा घेतला, तोंडावर मास्क चढवला आणि मागच्या अंगणात घमेल्यात ठेवून जाळला. काय ती घाण! शेजारीण खिडक्या लावताना नको ते बोलली. रेझिन जळून गेलं, कापड तेवढं उरलं. ते निवल्यावर धाकटीने चिमट्याने कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर सुटे केले.

तिच्या पट्टीत आठ. जुनीत बारा.

"अगं बाई! मी नुसतं रेझिन भरलं की गं!" कारखान्यात थर घट्ट दाबलेले, जास्तीचं रेझिन पिळून काढलेलं. हिने जाडी जुळवली, कापडाचे थर जुळवलेच नाहीत.

मग ती हट्टालाच पेटली. भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, तो हवा ओढेल अशी त्याची नळी उलटी जोडली. साच्यावर बारा थर रचले, वर टिपकागद घातला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं आणि आतली हवा ओढली. पिशवी साच्याला चिकटली, टिपकागद रेझिन पिऊन ओला झाला. पट्टी सुकल्यावर मोजली. तीन मिलिमीटर!

ताईच्या पायात घालण्याआधी तिने त्या पट्टीवर ताईहून जड वाळूची पोती लादली, काढली, पुन्हा लादली. पट्टी वाकायची नि सरळ व्हायची.

शाळेच्या भिंतीशी धाकटीने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. जीव टांगणीला लागलेला. ताई एक पायरी चढली, थांबली, मग दुसरी. उजवं पाऊल दर वेळी अलगद वर आलं. अर्ध्या रंगवलेल्या अक्षरापाशी पोचल्यावर तिने खाली पाहिलं.

"शिडी काय धरून बसलीस? सोड ती. रंगाचा डबा दे वर."