रिकाम्या झोळीचं वजन

मनिषाने दगड पारड्यात ठेवला, काटा थरथरून थांबला आणि तिने वहीत लिहून टाकलं, दोनशे पन्नास ग्रॅम.

"पारडं रिकामं होतं तेव्हा काटा कुठे होता?" डेबोरा मॅडमनी मागून विचारलं.

मनिषा गोंधळली. एक्केचाळिसाव्या वर्षी बी. ए.ला बसलेल्या बाईला कोणी काही विचारलं, की आपलंच काहीतरी चुकलं असणार असं तिला आधी वाटतं. पनवेलच्या कॉलेजातल्या या रविवारच्या वर्गात सगळेच नोकरी आणि संसार सांभाळून आलेले होते. कलाशाखा घेतली तरी एक विषय विज्ञानाचा करावाच लागतो, म्हणून ही 'भौतिक विज्ञानाची ओळख'. मॅडम बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शनिवारी त्या कसलंही काम करत नसत, त्यामुळे रविवारचा वर्ग दरवर्षी न मागता त्यांच्या गळ्यात पडे. पण शिकवायच्या मन लावून.

"शून्यावरच असेल ना, मॅडम."

"असेल, की होता?"

मनिषाने दगड उचलला. रिकामं पारडं घेऊन काटा चाळीसवर जाऊन निवांत बसला.

"मग दगड किती भरला?"

"दोनशे दहा."

"याला शून्य त्रुटी म्हणायचं. परीक्षेत हमखास येतं. काहीही मोजायच्या आधी रिकामं बघायचं, एवढंच."

मागच्या बाकावरून चारुदत्त नावाचे एसटीतले कंडक्टर म्हणाले की मग आमच्या भाजीवालीची त्रुटी काढा, आणि वर्ग हसला. मनिषाही सवयीने हसायला गेली, पण मध्येच थांबली. तिच्या डोळ्यांसमोर झोळी आली होती.

मनिषा घरत अठरा वर्षं गावात अंगणवाडी चालवत होती. गाव जासईच्या अलीकडचं. बॅटरीचा वजनकाटा पडून बंद झाल्यापासून ती मुलांची वजनं जुन्या टांगत्या काट्यावर करायची. खाली कापडाची झोळी, झोळीत मूल, वर गोल तबकडीवर काटा. पहिली झोळी पातळ सुती कापडाची होती. गणपतीच्या सुमारास ती फाटली आणि मदतनीस ठमाबाईने आपल्या मुलाच्या जुन्या जीन्सच्या पँटची नवी शिवली. चांगली जाडजूड, वर लाकडी दांडका. सगळ्यांनी कौतुक केलं. झोळी बदलली तेव्हा काटा पुन्हा शून्यावर आणायचं मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

परतताना सहा आसनी रिक्षा उरण रोडला कंटेनरच्या ट्रेलरांमागे अडकली. एरवी ती या वेळात धडे वाचायची. आज वही उघडून नुसती बसून राहिली. वाढीच्या तक्त्यावर वजन अमुक रेघेच्या वर असेल तर मूल हिरव्यात, खाली गेलं तर पिवळ्यात, त्याहून खाली लाल. लाल म्हणजे त्याच दिवशी चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवायचं. तिच्या अंगणवाडीत कितीतरी महिने एकही मूल लाल नव्हतं, म्हणून दिवाळीनंतरच्या बैठकीत तिला उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. मे महिन्यात पर्यवेक्षिका निवृत्त होणार होत्या. त्या जागेसाठी पदवी हवी आणि रेकॉर्ड स्वच्छ हवं. पदवीचा हा शेवटचा विषय आणि रेकॉर्ड म्हणजे त्या टाळ्या. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं.

झोळी अशी कितीशी जड असेल, असं तिने स्वतःला सात-आठ वेळा तरी विचारलं. उत्तर हाताला माहीत होतं. वजनाच्या दिवशी तीच तर ती खुंटीवरून काढायची.

सोमवारी वजनाचा दिवस. ती अर्धा तास आधी गेली, काटा आढ्याच्या हुकाला टांगला आणि रिकामी झोळी अडकवली. काटा चार रेघा पुढे गेला. चारशे ग्रॅम. तिने झोळी काढून पुन्हा अडकवली. पुन्हा चार रेघा. या रेघा तिला काही नवीन नव्हत्या. रडणारं मूल झोळीत घालायच्या घाईत तिने त्या पाच महिने पाहिल्या होत्या आणि स्प्रिंग जुनी झाली असेल म्हणून सोडून दिल्या होत्या. तिला स्वतःची लाज वाटली.

ठमाबाई झाडू घेऊन दारात उभी होती. "काय बघतंस गो? झोळी घट हाय. दोन पोरं घातली तरी फाटनार नाय."

"ठमाबाय, झोळी चारशे ग्रॅमची हाय."

ठमाबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती झाडू ठेवून खाली बसली. "आता गो?"

"काय माहीत."

"मी काय सांगते." ठमाबाईने आवाज उगीचच खाली आणला. "या महिन्यात शंभर कमी लिव. पुढच्या महिन्यात आनखी शंभर. चार महिन्यांत झाला बरोबर. कोनाला कलनार पन नाय."

"आणि जान्हवी? ती थांबेल चार महिने?"

जान्हवी दीड वर्षाची. पिवळ्यात होती, लालच्या अगदी काठावर. सबंध रात्र मनिषाच्या डोक्यात ती एकच मुलगी होती.

मनिषाने वरचा स्क्रू फिरवला. तीन फेऱ्यांत काटा शून्यावर आला. खरी वजनं लिहायची, जे मूल लाल निघेल त्याला चिठ्ठी द्यायची, झोळीचं नाव काढायचं नाही. कोणी विचारलंच तर थंडी-खोकल्याची साथ होती म्हणायचं. मुलांचं नुकसान नाही आणि आपलंही नाही. हे तिला पटलं, किंवा पटल्यासारखं वाटलं. ती वहीवर रेघा आखायला बसली.

पहिली आली ती अंकिता, जान्हवीला कडेवर घेऊन. गळ्यात खारघरच्या दातांच्या दवाखान्याचं ओळखपत्र. महिन्याभरापूर्वी तिला तिथे काउंटरवर नोकरी लागली होती आणि सासूला ते अजून रुचलं नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"ताई, पटकन करा हां. साडेदहाला पोचायचंय मला."

जान्हवी झोळीत बसली, पाय हलवले, रडली नाही. काटा थांबला. मनिषाने लिहिलं, सात किलो शंभर. लाल.

अंकिताने पर्समधून मुलीचं कार्ड काढलं. "मागच्या टायमाला सात चारशे होती. तीनशे उतरली?"

"थंडी-खोकल्याची साथ आहे ना सध्या," मनिषा वहीत बघत म्हणाली. "बऱ्याच मुलांचं..."

"हिला कुठे झाला खोकला?"

मनिषाने चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं. "डॉक्टरांना दाखवून घेऊ. आजच जा."

अंकिता कार्डाकडेच बघत होती. "पाच तारखेला मी कामाला लागले," ती म्हणाली. "आई बोलतच होत्या, पोरीला टाकून जातेस, ती अंग धरणार नाय. मला वाटलं, उगाच टोमणे मारतात." तिने मुलीला झोळीतून काढून छातीशी धरलं. डोळे भरून आले होते, पण आवाज साधाच होता. "जाऊ दे. फोन करून सांगते, नाय येत म्हणून. नोकऱ्या काय, मिळतील."

तिने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली. मनिषाला ती स्पष्ट ऐकू येत होती. एक. दोन. दारात आणखी दोघी जणी मुलं घेऊन येऊन थांबल्या होत्या. ठमाबाई जमिनीकडे बघत होती.

"ठेव तो फोन," मनिषा म्हणाली.

"काय?"

"ठेव आधी. इकडे ये."

मनिषा उठली. रिकामी झोळी तशीच टांगलेली ठेवून काट्यावरचा स्क्रू तिने उलटा फिरवला. सकाळी दिलेले तीन फेरे मोजून काढून घेतले.

"आता वाच. काटा कुठे आहे?"

अंकिता पुढे वाकली. "चारशेवर." मग झोळीत डोकावली. "पन आत कोन नाय."

"कोणी नाही. ही नुसती झोळी. गणपतीपासून मी हे चारशे सगळ्या मुलांच्या अंगावर लिहीत आले. तुझ्या कार्डावर पण." मनिषाने कार्डावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मागच्या महिन्यात ती सात चारशे नव्हती. सात होती. आज सात शंभर आहे."

अंकिताचे ओठ हलले. ती हिशेब करत होती.

"म्हंजे वाढली?"

"शंभर ग्रॅम. तू कामाला लागल्यापासून. पण ती लाल आहे, अंकिता. आधीपासूनच असणार. डॉक्टरकडे तेव्हाच न्यायला हवं होतं. ते माझ्यामुळे राहिलं."

हातातल्या फोनमधून बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. अंकिताने तो कानाला लावला. नजर मनिषावरून काढली नाही.

"मॅडम, मला आज अर्धा दिवस पाहिजे," ती म्हणाली. "हो, दुपारी येते."

फोन ठेवून तिने हात पुढे केला. मनिषाने चिठ्ठी दिली. अंकिताने ती पूर्ण वाचली, कार्डात घातली आणि निघून गेली. जान्हवी तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिली.

दारातल्या दोघींपैकी पुढची आत आली. ठमाबाई चटकन उठली आणि काटा शून्यावर आणायला तिने स्क्रूकडे हात नेला.

"राहू दे," मनिषा म्हणाली. "आधी तिला रिकामी दाखव."