वाचनाच्या खोलीमागची भिंत

मागचा आवाज थांबल्याचं मिस्त्रींच्या लक्षात आलं ते सतराव्या प्रकरणात. तो नेमका कधी थांबला हे त्यांना सांगता आलं नसतं. गोष्ट रंगात आली होती. जहाजावरचा स्वयंपाकी कप्तानाच्या ताटात काहीतरी मिसळणार होता, आणि मिस्त्री फोन कानाला लावून श्वास रोखून बसले होते. वाचणाऱ्या बाई मध्ये जरा थांबल्या, पान उलटल्याची सळसळ झाली, आणि त्या शांततेत मिस्त्रींना काहीतरी कमी वाटलं.

काचबिंदूनं डोळे गेल्याला सहा वर्षं झाली होती. पहिली दोन त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढली. मग बायकोनंच कुठून तरी शोधून काढलं, की शहरातल्या वाचनालयाचा दृष्टी गेलेल्यांसाठी एक विभाग आहे. तिथं एक बाई रोज दुपारी मोठ्या कादंबरीचं एक प्रकरण वाचून ध्वनिमुद्रित करतात. दुसऱ्या दिवशी ठराविक नंबर फिरवला की कालचं प्रकरण फोनवर ऐकता येतं.

"ऐकून तर बघा," बायको म्हणाली होती. "नाही आवडलं तर फोन ठेवा. भिंत काही कुठं पळून जात नाही."

तेव्हापासून जेवणाआधीचा तो पाऊण तास मिस्त्रींचा होता. वाचणाऱ्या बाईंचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. घरात तिचा उल्लेख 'वाचनबाई' असाच व्हायचा, जणू माहेरची कुणी नातेवाईकच. तिशी-पस्तिशीतला ठणठणीत आवाज. पात्रांचे आवाज काढण्याची हौस नाही, रडण्याच्या जागी रडणं नाही. सरळ वाचायची, म्हणून ऐकणाऱ्याला सगळं दिसायचं.

खोट एकच होती. हा विभाग एका मोठ्या धुलाईच्या कारखान्याच्या मागच्या खोल्यांमध्ये भरायचा. तिथं इस्पितळांच्या चादरी धुतल्या जायच्या. तीनला इस्त्रीची यंत्रं बंद व्हायची, खडखडाट थांबायचा, म्हणून वाचनबाई तीनलाच वाचायला बसायची. पण वाचायच्या खोलीच्या भिंतीला लागूनच बॉयलर होता. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याचा जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह उडायचा आणि ऐन वाक्यात 'फुस्स्' करून वाफेचा लोट सुटायचा. अठ्ठावीस वर्षं कागद कारखान्याच्या बॉयलरवर काढलेल्या मिस्त्रींना तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. तीन आठवड्यांपूर्वी वैतागून त्यांनीच वाचनालयात फोन केला होता.

"प्रमुखबाई, मागून वाफेचा आवाज येतो. गोष्टीचा पार विचका होतो. बघा ना काहीतरी."

"बघते हं, मिस्त्रीकाका," विभागाच्या प्रमुखबाई म्हणाल्या होत्या. "तक्रारवहीत लिहूनच घेते."

आणि आता सतराव्या प्रकरणात एकही फुस्स् नव्हतं.

मिस्त्रींनी प्रकरण संपू दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी स्वयंपाक्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते शब्दांच्या मागं कान लावून बसले. बॉयलरला जाळ देणाऱ्या बर्नरची घरघर चालू होती. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पस्तीस. मध्ये ती एकदाही तुटली नाही.

"अगं," त्यांनी बायकोला हाक मारली. "इस्त्र्या बंद, वाफ कुणी घेत नाही, तरी बर्नर चालूच. मग वाफ जाते कुठं?"

"मला काय विचारता? मी काय बॉयलर पेटवला होता?"

"दाब वाढला की बर्नर आपोआप बंद व्हायला हवा. तो होत नाहीये. म्हणूनच व्हॉल्व्ह सारखा उडत होता बघ. तो एकटाच सगळ्यांना वाचवत होता." त्यांनी फोन चाचपला. "आणि मी त्याची तक्रार केली."

त्यांनी लगेच प्रमुखबाईंना फोन लावला. त्या खुशीत होत्या.

"आता स्वच्छ येतंय ना, काका? तुमच्या तक्रारीमुळंच झालं बरं का. मी शेजारच्या बॉयलरवाल्याला दोनदा सांगितलं. बिचाऱ्यानं व्हॉल्व्हचा नट आवळून दिला. आता जागचा हलत नाही."



"नट आवळला?"

"हो. का?"

"बाई, आत्ताच्या आत्ता त्याला जाऊन सांगा, बर्नर बंद कर म्हणावं. आणि आज खोलीत कुणाला बसवू नका."

"अहो काका, त्यांचे मोठे साहेब आहेत, तपासणीचे लोक येतात. आपण कुणाच्या कारखान्यात नाक कसं खुपसणार? पण सांगते मी त्याला. नक्की सांगते."

ते 'नक्की' मिस्त्रींना अजिबात आवडलं नाही. संध्याकाळी त्यांनी पुन्हा फोन केला, तर प्रमुखबाई घरी गेलेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रकरण वेळेवर आलंच नाही. मिस्त्री अकरापासून नंबर फिरवत होते. पलीकडून ठरलेला आवाज सांगायचा, नवीन प्रकरण अजून उपलब्ध नाही. वाचनालयाचा दुसरा फोन सारखा व्यस्त. बायको म्हणाली, "अहो, मशीन बिघडलं असेल त्यांचं. जरा टेका." ते टेकले नाहीत. या खोलीतून त्या खोलीत, दाराच्या चौकटी चाचपत फिरत राहिले.

दोन वाजता अठरावं प्रकरण लागलं. वाचनबाईनं नेहमीच्या ठणठणीत आवाजात पहिलं वाक्य वाचलं. मिस्त्रींनी ते ऐकलंच नाही. बर्नर तसाच घरघरत होता. पण त्याच्याखाली पाण्याचा पंप होता, आणि पंपाचा सूर बदलला होता. जिना चढताना दमेकऱ्याला लागते तशी त्याला धाप लागली होती. आतला दाब एवढा, की पाणी आत ढकलताना त्याचा जीव जात होता. आणि शेवटच्या दहा मिनिटांत, अगदी बारीक, दात दुखताना आत ओढलेल्या श्वासासारखी, एक शीळ सुरू झाली होती. कुठल्या तरी जोडाचं पॅकिंग सुटायला लागलं होतं.

हे सगळं कालचं होतं.

"टॅक्सी बोलाव," मिस्त्री म्हणाले.

बायकोनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चपला त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या.

ते पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. इस्त्रीची यंत्रं नुकतीच थांबली होती. गरम सुती कापडाचा आणि साबणाचा वास होता, चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांच्या गप्पा होत्या. मिस्त्रींनी बायकोचा दंड घट्ट धरला. बॉयलरच्या खोलीचं दार त्यांना दाखवावं लागलं नाही. शीळ आता दारातूनच ऐकू येत होती, आणि ती बारीक राहिली नव्हती.

बॉयलरवाला चाळिशीचा, बोलण्यावरून सरळ माणूस वाटत होता. एक आंधळा म्हातारा दारात उभा राहून 'बर्नर बंद कर' म्हणतोय हे ऐकून तो आधी हसला.

"काका, घाबरू नका. दाबाचा काटा बघा ना. सहावर आहे. सातपर्यंत काहीच भीती नसते."

"मला काटा दिसत नाही. तूच बघ आणि सांग, हलतोय का?"

"नाही. सहावर आहे."

"सकाळी पेटवताना किती होता?"

"सहाच."

"गार बॉयलरवर सहा?"

बॉयलरवाल्यानं काट्याच्या काचेवर टिचकी मारली.

"तो काटा मेलाय रे," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "आत किती आहे ते आता तुलाही माहीत नाही आणि मलाही. बर्नर बंद कर. पंप बंद कर. व्हॉल्व्हला हात लावू नकोस, काही उघडू नकोस, ठोकू नकोस. आणि सगळ्यांना घेऊन बाहेर चल."

बटण खटकन दाबल्याचा आवाज झाला. घरघर थांबली. आता खोलीत फक्त ती शीळ उरली, आणि तिच्यामागं पत्र्याची टकटक. बॉयलरवाला धावत सुटला. घड्या घालणाऱ्या बायकांना त्यानं ओरडून बाहेर काढलं. प्रमुखबाईही गोंधळ ऐकून आल्या आणि अग्निशमनला फोन करत रस्त्याकडे पळाल्या.

"वाचनबाई कुठंय?" मिस्त्रींनी विचारलं.

सांगायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. बायकोनं बोळात डोकावून पाहिलं.

"त्या टोकाला एक दार आहे. वर लाल दिवा लागलाय. 'दिवा चालू असताना आत येऊ नये' असं लिहिलंय."

"चल."

बोळाच्या डाव्या अंगाची भिंत बॉयलरची होती. मिस्त्रींनी तिला तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. भिंत गरम होती, पण हात मागं घेतला तो त्यामुळं नाही. भिंत थरथरत होती.

दार जाड होतं, आतून गादी लावलेलं. बायकोनं खांदा देऊन ते ढकललं आणि तो आवाज एकदम मिस्त्रींच्या समोर आला. फोनमधला नाही, चार हातांवरचा. स्वयंपाकी कप्तानासमोर कबुली देत होता. एक क्षण, खरोखर एकच क्षण, मिस्त्री ऐकत उभे राहिले.

"अहो, रेकॉर्डिंग चालू आहे!" वाचनबाई ओरडली. "दिवा दिसत नाही का?"

"नाही दिसत, बाई. मी तुमचा ऐकणारा आहे. पुस्तक ठेवा तिथंच आणि बाहेर चला. मागचा बॉयलर फुटणार आहे."

"एवढं पान तरी—"

"मीही या पानासाठीच थांबलोय गेले तीन आठवडे," मिस्त्री म्हणाले. "चला."

कानावरचा हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची सरकली, आणि मग काठी टेकल्याचा ठक. मिस्त्रींनी हात पुढं केला. त्यात आलेला हात हाडांना चामडी चिकटलेला, वाळलेला होता. बाई ऐंशीची तरी असावी.

"माझा पाय हळू पडतो हं," ती म्हणाली.

"माझाही."

बायकोनं एका हातानं नवऱ्याला आणि दुसऱ्या हातानं त्या म्हातारीला धरलं आणि तिघं बोळातून निघाले. तीस-पस्तीस पावलांचा बोळ. उजवीकडच्या भिंतीतली शीळ एक सूर वर चढली. वाचनबाईनं एकदाच विचारलं, "हे काय वाजतंय?" आणि ती काठी भराभर टेकू लागली.

बोळाच्या तोंडाशी कुणीतरी उलट्या दिशेनं पळत त्यांच्या अंगावरून गेलं. मिस्त्रींच्या खांद्याला धक्का लागला. तेलाचा आणि साबणाचा वास आला.

"कोण गेलं?"

"बॉयलरवाला," बायको म्हणाली. "हातात पाना आहे."

"अरे ए!" मिस्त्री मागं वळून ओरडले. "नटाला हात लावू नको! ऐक माझं! परत ये!"

"मीच आवळलाय तो, काका," आतून आवाज आला. "मीच सैल करतो. दोन मिनिटं."

मिस्त्री मागं फिरले. पण बायकोनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर मागून अशी धरली की शिवण उसवली. "एक पाऊल टाकाल तर याद राखा," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. तिनं त्यांना अक्षरशः ओढत रस्ता पार केला.

ते पलीकडच्या पायरीवर टेकले असतील नसतील, शीळ थांबली. एकदम. वाचनबाई म्हणाली, "थांबलं वाटतं." मिस्त्रींनी दोघींची डोकी धरून खाली दाबली.

आवाज त्यांनी नंतर कुणाला वर्णन करून सांगितला नाही. बायकोनं सांगितलं ते एवढंच, की मागची बाजू उघडली, भिंत वाचनाच्या खोलीत जाऊन पडली आणि पांढरी वाफ बराच वेळ हटेना. रस्त्यावर चादरी पडल्या होत्या. घड्या तशाच होत्या.

घड्या घालणाऱ्या बायकांपैकी कुणाला ओरखडाही आला नाही. बॉयलरवाला तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला.

चौकशीला एक अधिकारी घरी आला. शेवटच्या पाच प्रकरणांची ध्वनिमुद्रणं त्यानं सोबत आणली होती. मिस्त्रींनी ती त्याच्यापुढं एकेक करून ऐकली आणि सांगत गेले. इथं व्हॉल्व्ह उडतोय. इथून उडत नाही. इथं पंपाला धाप लागली. अधिकारी लिहीत होता.

"दोष कारखान्याचाच आहे," शेवटी तो म्हणाला. "बर्नर बंद करणारं यंत्र दोन महिने नादुरुस्त होतं. काटा बिघडलेला. तुम्ही तर उलट माणसं वाचवलीत."

"तक्रारवही बघितलीत?"

"बघितली. आवाजाबद्दल आहे. त्यात गुन्हा काय?"

"त्यात माझं नाव आहे. तेही लिहा."

"त्यानं निकालात काही फरक पडणार नाही, मिस्त्री."

"लिहा तरी."

अधिकाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मग त्यानं लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

महिन्याभरानं वाचनबाईनं उरलेली कादंबरी स्वतःच्या घरी बसून वाचायला घेतली. मिस्त्री रोज अकराला फोन लावतात. प्रकरण संपल्यावर बायको विचारते, "काय झालं हो पुढं? स्वयंपाक्याला माफी मिळाली का?"

"लक्ष नव्हतं," ते म्हणतात. आणि फोन न ठेवता तेच प्रकरण पुन्हा लावतात. त्यांचं सगळं ध्यान वाक्यांच्या मधल्या जागांवर असतं.