विसावी टाचणी

"एकोणीसच हाईत," चंपा म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या शिवलीलाने वहीतून मान वर केली नाही. "मी वीस लिवलं अक्का. तुझं कधी चुकतंय?"

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात अंतराळवीरांच्या सरावाचे पोशाख शिवले जात. प्रत्येक शिवणारीला वीस टाचण्या मिळत, आपापल्या रंगाच्या डोक्यांच्या. चंपाच्या पिवळ्या. काम संपलं की प्रत्येकीने मोजायच्या, शेजारच्या शिवणारीने आकडा वहीत लिहायचा. अकरा वर्षांत तिची एकही कमी भरली नव्हती.

तिने डबी पुन्हा पालथी करून बोटांनी मोजलं. डोळ्यांवरचा भरवसा तिने केव्हाच सोडला होता. मोतीबिंदू वाढत होता, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"काल मोजल्यास का गं?"

"तू मोजत असशील म्हणून मी लिवलं की."

"आणि तू लिवतेस म्हणून मी..." चंपाचा हात थांबला.

काचेपलीकडे चाचणीसाठी आलेला अद्वैत तिनेच शिवलेला पोशाख चढवत होता. थोड्याच वेळात त्याला कोठीत बसवून कोठीतली सगळी हवा काढून घेणार होते. आतली रबरी पिशवी त्याच्याभोवती हवा धरून ठेवणार, वरचं कापड तिला फुगू देणार नाही. माणूस जगणार तो या दोघांच्या जोरावर. हवा भरली की पिशवी कापडावर दाबली जाते. मध्ये टाचणी असली तर? पिशवी फाटली की पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, जिभेवरची लाळ उकळू लागते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी.

ती सुपरवायझर आशयकडे गेली.

"अक्का, मेटल डिटेक्टर फिरवलाय. क्लिअर आहे."

"गळ्यापाशी?"

"तिथे हेल्मेटचं कडं आहे ना. तिथे तो नेहमीच वाजतो."

"मंग उसवा."

"चार महिन्यांचं काम आहे! बाहेर पाहुणे बसलेत. मोजण्यात चूक असेल तुमची."

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पलीकडे हेल्मेट बसलं, खटका वाजला. अद्वैतच्या श्वासाने काच धुरकटली; मग आतला वारा सुरू झाला आणि त्याचा चेहरा निवळला. त्याने तिला अंगठा दाखवला. तिला नुसता पांढरा हातमोजा हललेला दिसला.

"चूक हाय," चंपा म्हणाली. "किती दिसांची, ते सांगता येत न्हाई. मला नीट दिसत न्हाई साहेब. लई महिने झाले. थांबवा त्याला."

आशयने फोन उचलला. अद्वैतच्या अंगावरून पोशाख उतरवला गेला.

गळ्याची शिवण तिनेच उसवली. कड्याच्या मागे, दोन थरांमध्ये तिचं बोट अडलं. पिवळं डोकं. टोक टेकलं होतं तिथे रबरावर पांढरा ठिपका उमटला होता. अजून आरपार गेलं नव्हतं.

अद्वैतने ठिपक्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मग तोच हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला.

चंपाने टाचणी डबीत टाकली. शिवलीलाने वीसचा जुना आकडा खोडून वही पुढे सरकवली. एकेक टाचणी चाचपत चंपाने मोजलं आणि आकडा स्वतः लिहिला. मग सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून तिने शिवलीलाच्या बोटात घातलं.

"सैल हाय की, अक्का."

"बसंल," चंपा म्हणाली.