बिनगुरांचा गुराखी

साखरशेतची एकसष्ट गुरं मी एकटा वळायचो आणि त्याची मला भलतीच मिजास होती. मोबदला म्हणून पाळीपाळीने रोज एका घरची भाकर यायची.

वाघबारशीच्या चार दिवस आधी जव्हारहून दरबारची दवंडी आली. मोखाड्याकडे गुरांची बुळकांडीची साथ पसरलीय, गुरं घरीच बांधा, एकत्र करू नका. मला हसू आलं. वाघबारशीला सगळी गुरं वाघदेवाच्या दगडापुढून नेली नाहीत, तर वाघ काय दवंडी ऐकून थांबणार होता? लोक मात्र कचरत होते. जिवाची बायको चैती बैलजोडी सोडायला तयारच नव्हती.

"मी हाय ना, चैते," म्हणत मी स्वतः तिच्या बैलांची दावी सोडली.

वाघबारशीला दगडापुढून जाताना कळपात शेजारच्या जामसर गावचं एक खोंड घुसलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वाघदेवापुढच्या धुपाच्या धुरानं असेल, असं मी म्हटलं.

महिनाभरात गोठे रिकामे झाले. गुरं हगून हगून मेली. दरबारचा माणूस उरलेली गुरं मोजायला आला, तेव्हा त्याला एकच रेडकू दिसलं.

मला कुणी काही बोललं नाही, तेच वाईट होतं. भाकर येत राहिली, पण आणणारा ती ओट्यावर ठेवून न बोलता निघून जायचा. फुकटची भाकर गिळवेना, म्हणून मी काठी घेऊन रिकाम्या माळावर दिवसभर बसायचो. कुणीतरी एकदा तोंडावर शिवी द्यावी, म्हणजे मला पुन्हा त्यांच्यात जाऊन बसता येईल, एवढंच मला हवं होतं. चैतीच्या दारावरून मी मुद्दाम जायचो. ती चूल फुंकत राहायची.

आखाडात चैती आणि जिवा स्वतःच जुवाला लागले. मागे सासूनं नांगर धरला होता. मी बांधावर उभा होतो. ती दोघं बांधाशी पोचली आणि जन्माची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "हिर्रर, वळ!"

चैती वळली. मग थांबली.

"माझी गुरां खाल्लीस, आन् आता मना हाकतस?"

आठ महिने हवी होती ती शिवी मिळाली, आणि मला रडूच फुटलं. मी चिखलात उतरलो. तिच्या मानेवरचं जू माझ्या मानेवर घेतलं. सासूच्या हातून नांगर घेऊन ती मागे उभी राहिली.

नांगराचं तास संपलं तेव्हा ती म्हणाली, "वळ."

मी वळलो.